बाबांच्या हातची तीन नावं

वर्धा
३ नोव्हेंबर २०२४

ताई,

सप्रेम जय भीम.

कार्ड पाहूनच तू ओळखलं असशील, बाद आहे. लाल रंग दोन सूत डावीकडे सरकला आणि पळसाची फुलं देठ सोडून भलतीकडेच उमलली. तू शाई लावायला असतीस तर सरकला नसता, हे मीच लिहून टाकते म्हणजे तुला म्हणायला नको. बाद कार्ड फेकायचं नाही, त्यावर घरची पत्रं लिहायची, हा बाबांचा नियम मी अजून पाळते. आजच्या पत्राला तीन कार्डं पुरतील.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास, तेव्हा टपालाशिवाय रस्ता राहिला नाही. पत्ता रत्नदीपकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. तो आर्वीहून महिन्यातून एकदा येतो, मुलगा म्हणून आईच्या पायाशी बसतो आणि मी म्हणेन ते करतो.

काम थोडंथोडं चालू आहे. हातकागद पूर्वीच्याच ठिकाणाहून आणते. एक घाणा पंचवीस कार्डांचा, तोही आठवड्यात एकच. दाब द्यायला अजून आईची जुनी पळीच घासते कार्डाच्या पाठीवर. आश्रमाकडे आलेले पाहुणे कापसाच्या बोंडाचं कार्ड मागतात, शाळेतल्या बाया पळसाचं. घाण्याला आपण घाणा का म्हणतो, असं परवा एकीनं विचारलं. भज्यांसारखीच पहिली दोन-चार वाया जातात म्हणून, असं सांगितलं. हे तूच ठेवलेलं नाव, पण तुझा उल्लेख केला नाही.

आता मुद्द्याचं. आईचं हृदय थकलं आहे. पायांना सूज असते, दोन उशा घेतल्याशिवाय आडवं होता येत नाही. औषधानं चालेल तितकं चालेल, वर्षाची भाषा करू नका, असं डॉक्टर म्हणाले. ती तुझं नाव घेत नाही. पण टीव्हीवर हवामान लागलं की 'सुरतेले थंडी पडते का व' असं विचारते, आणि मी काही बोलायच्या आत तोंड फिरवते.

झालं ते गेलं, ताई. चुका दोन्ही बाजूंनी झाल्या. बाबा गेले तेव्हा तू वेळेत पोचली नाहीस, तेही काही मुद्दाम नसेल. आता तरी ये.

तुझी,
मेघा

&nbsp;

वर्धा
२४ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझं कार्ड मिळालं. कोरं, दुकानातलं, गुळगुळीत. त्यावर एकच ओळ: 'आईने बोलावलं तर येईन. तू बोलावलेलं नको.' अक्षर मात्र बाबांच्या वळणाचं, शिरोरेषा एका दमात ओढलेली. मला ते वळण कधी जमलं नाही.

ओळीचा पहिला भाग आईला वाचून दाखवला, दुसरा गाळला. ती लसूण सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "तुया बाप 'मोठी कुठं हाये, मोठी कुठं हाये' करत गेला. तवा तिले सुट्टी नाई भेटली. आता मायासाठी कायले भेटन? मी नाई बलावत."

मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तुम्हा दोघींचा पीळ एकाच हातानं घातलेला आहे.

तू म्हणशील, आईला सुट्टीचं कोणी सांगितलं? ते आता उकरून काय मिळणार आहे? अंत्यसंस्कार आटोपल्यावर तू पोचलीस, आणि अंगणात सगळ्यांसमोर बोट दाखवून म्हणालीस की मेघानंच मला फोनवर येऊ नको म्हणून सांगितलं. मी म्हटलं, मी असं कधी बोललेच नाही. आईनं माझं धरलं, कारण नऊ दिवस दवाखान्यात मी होते. रोहण्याहून आलेल्या नातेवाइकांनीही माझंच धरलं. तू पिशवी उचलून गेलीस. त्यानंतर तुझ्याकडून चकार शब्द नाही. एवढीच गोष्ट आहे.

आईला माझ्याशिवाय कोण आहे ते तू पाहतेसच. तिला आंघोळ मी घालते, गोळ्या मी देते. तू एक ओळ लिहून मोकळी झालीस.

मेघा

&nbsp;

वर्धा
१७ डिसेंबर २०२४

ताई,

मागचं पत्र टाकून आले आणि पेटीत हात घालून परत काढता येतं का ते पाहत उभी राहिले. नाही येत.

अल्लीपूरच्या एका बाईंनी आभाराची कार्डं सांगितली आहेत. सासूचं आजारपण ज्यांनी ज्यांनी काढलं त्या सगळ्यांना द्यायची आहेत. वर 'आभार' एवढाच शब्द आणि खाली बोधीचं पान. काल दुपारी ठसा कोरायला बसले. 'आभार' उलटा कोरताना बाबा आठवले. दुकानांच्या काचेवर आतून पाटी रंगवायचे, तेव्हा उलटी अक्षरं नुसत्या ब्रशनं लिहीत जायचे आणि बाहेरून ती सरळ दिसायची. आपण दोघी बाहेर उभ्या राहून वाचून दाखवायचो. तू आधी वाचायचीस. मी तुझ्यामागून तेच म्हणायचे.

लिहून टाकते. नाही तर हे पत्रही मागच्यासारखंच होईल.

तू खोटं बोलली नव्हतीस. बाबांना भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला तुझा फोन आला. मी दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीशी उभी होते. तू म्हणालीस, संध्याकाळच्या गाडीनं निघते. मी म्हटलं, बाबा बरे आहेत, दोन दिवसांत सुट्टी देणार आहेत, उगाच गर्दी करू नकोस. तेव्हा त्यांची डावी बाजू गेलेली होती आणि डॉक्टरांनी मला सगळं सांगून झालेलं होतं. तू रोज फोन केलास आणि रोज मी तेच सांगितलं. आठव्या दिवशी तर म्हटलं की पेज प्यायले, हसले. पेज प्यायले हे खरं होतं.

बाबांनी तुला विचारलं तेव्हा मी सांगितलं की कळवलं आहे, पण ताईला सुट्टी मिळत नाही. आई शेजारीच बसलेली होती. रत्नदीपलाही म्हटलं होतं, ताईला कळवायचं मी पाहते.

का, ते मला नीट सांगता येत नाही. तू सुरतेला साड्यांच्या कारखान्यात नक्षी काढायला गेलीस, त्यानंतरचं सगळं वर्ष या घरात तुझ्याच नावानं चाललं. शाई दाट झाली, ताई असती तर झाली नसती. कार्ड पुसलं गेलं, ताईचा हात हलका होता. तू गेलीस आणि मी उरले, पण उरलेलीला कोणी मोजत नाही. मला वाटलं, हे एवढे दिवस तरी ते माझे एकटीचे असू देत. ते मरतील असं मनात आलं नव्हतं, असंही म्हणत नाही. आलं होतं.

उद्या आईला सांगते. तिला कळलं की ती तुला स्वतः बोलावेल. एवढं एकच काम आहे, आणि ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला करता येणार नाही. उद्या सांगते.

मेघा

&nbsp;

वर्धा
९ जानेवारी २०२५

ताई,

सांगितलं नाही.

अठराला तिला धाप लागली होती. वीसला रत्नदीप आणि रुचिकावहिनी आले, त्यांच्यासमोर नको वाटलं. मग आभाराची कार्डं द्यायची होती. मग नवं वर्ष लागलं. कारणं मागायला गेलं की कारणांना तोटा नसतो.

परवा मात्र अगदी तोंडाशी आलं होतं. आई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, आई, एक सांगायचं होतं. तिनं मूठभर दाणे माझ्या ओंजळीत टाकले आणि म्हणाली, "तू हायेस म्हून मी हाये पोरी. मोठीनं तं पाठ फिरवली. तू नसती तं मायं काय झालं असतं?"

मी दाणे खाल्ले. काय सांगायचं होतं, असं तिनं विचारलं. गॅस संपत आलाय म्हटलं.

ताई, मला तिच्या रागाची भीती नाही. तिनं चार लोकांत झिंज्या धरल्या तरी चालेल. पण या जगात मला 'तू हायेस म्हून' असं म्हणणारं एकच माणूस आहे, आणि ते वाक्यही मी चोरीच्या मालावर कमावलेलं आहे.

दुसरंही एक सांगायचं राहिलं आहे. तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाहीस. घर बांधलं तेव्हा गृहप्रवेशाच्या कार्डासाठी बाबांनी नावांची पट्टी केली होती. ठसे कोरायच्या लिनोच्या तुकड्यावर स्वतःच्या हातानं उलटी अक्षरं लिहिली, मी कोरली, तू छापली. वर रोशनी, मग रत्नदीप, खाली मेघा. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्डावर 'शोकाकुल' या शब्दाखाली मी तीच पट्टी लावली. लावायच्या आधी कोरणी घेतली आणि तुझं नाव खरवडून टाकलं.

तू माझ्यावर सगळ्यांसमोर आळ घेतला होतास ना. मला खरं ठरायचं होतं. नाव काढायचंच होतं तर वेगळी पट्टी करता आली असती, खालची दोन नावं वर सरकवता आली असती, म्हणजे कोणाला काही दिसलं नसतं. पण मी जागा तशीच पांढरी ठेवली, दिसावी म्हणून. रोहण्याच्या रूपरावकाकांनी कार्ड हातात घेऊन विचारलं, "इथं काय होतं व?" मी म्हटलं, शाई लागली नाही. आणि त्यातलंच एक कार्ड पाकिटात घालून तुला टपालानं पाठवलं.

लिनो खरवडला की भरून येत नाही. त्या तीन नावांखेरीज बाबांच्या हातचं एकही अक्षर घरात उरलेलं नाही. गावातल्या पाट्यांवर केव्हाच दुसरे रंग चढले. आता त्यातली दोनच नावं राहिली.

आईच्या पायांची सूज गुडघ्यापर्यंत आली आहे. मी सांगते. या वेळी तारीख लिहीत नाही.

मेघा

&nbsp;

वर्धा
११ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू घरात दीड दिवस होतीस आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तरी मला बोलता आलं नसतं. म्हणून लिहिते. हे तुला कळायला हवं, ते तुझं आहे.

चार तारखेला, मंगळवारी दुपारी मी आईला सांगितलं. तिनं गोळ्या घेतल्या होत्या आणि खिडकीशी उशांना टेकून बसली होती. मी म्हटलं, आई, ताई खोटं बोलली नव्हती.

"कायचं?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. चहाची टपरी, रोजचे फोन, सुट्टीचं. मी थांबल्यावर म्हणाली, "अन् तुया बाबाले काय सांगतलं होतं?"

"तेच. सुट्टी नाई भेटून राह्यली म्हणून."

"मंग? काय म्हणला तो?"

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाबांची जीभ जड झालेली होती, तरी मला शब्द कळले होते. मी आईला सांगितलं, "म्हणाले, असू दे, तिले कामाचं पडलं असन. अन् भिंतीकडं तोंड केलं."

आई माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. परक्याच्या घरी गेल्यावर आपण भिंतींकडे पाहतो, तशी.

"काऊन केलं व असं?"

"मले वाटलं, नऊ दिवस तरी ते माझे एकटीचे राहतील."

"अन् राह्यले का?"

नाही राहिले, ताई. नऊही दिवस तुझंच नाव होतं. पेज भरवताना, कूस वळवताना. मी त्यांच्याजवळ होते आणि ते तुझ्याजवळ होते. आईला एवढंच म्हटलं, नाही.

मग ती म्हणाली, "तिले बलाव. म्हणा, माय बलावून राह्यली." आणि लगेच, "खिचडी दे थोडी. गोळ्यानं मळमळते." मी भरवली, तिनं खाल्ली. आणखी एक गोष्ट बोलली. ती आज लिहायला हात धजत नाही.

रत्नदीपला मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्यानं तुला केला. तू दुसऱ्या दिवशीची गाडी धरलीस. सहा तारखेला सकाळी सात वाजता आई गेली. तुझी गाडी तेव्हा बडनेऱ्यालाही पोचलेली नव्हती. पहाटेपासून ती दाराकडे तोंड करून होती. मी समोर गेले की 'सरक' म्हणायची, दार दिसावं म्हणून.

सतरा डिसेंबरला सांगितलं असतं तर तुम्हा दोघींना दीड महिना मिळाला असता. नऊ जानेवारीला सांगितलं असतं तर जवळपास एक महिना. हा हिशेब मी रोज वेगवेगळ्या तारखा धरून करत बसते. दोन्ही वेळा तू निघायला तयार होतीस आणि दोन्ही वेळा मी आडवी आले. पहिल्यांदा तोंडानं, दुसऱ्यांदा गप्प बसून.

निघायच्या आधी तू कार्डांच्या खोलीत गेलीस. मला वाटलं, काही तरी न्यायचं असेल. तू गेल्यावर मी आत पाहिलं. रोलरवर महिन्याभराची शाई वाळून दगड झाली होती. तू ती घासलेटनं काढली होतीस, रोलर पुसून खिळ्याला टांगला होतास आणि चिंधी धुऊन दोरीवर घातली होतीस. त्याचा अर्थ मी लावत नाही. तुला घाणेरडा रोलर कधीच बघवत नव्हता, एवढाच असेल.

पुण्यानुमोदन तेवीसला, रविवारी आहे. कार्ड छापायचं आहे.

मेघा

&nbsp;

वर्धा
१७ फेब्रुवारी २०२५

ताई,

सोबत कार्ड आहे. हे बाद नाही, चांगल्यातलं आहे. 'कालकथित तानाबाई रामाजी नगराळे यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम', रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळी अकरा, राहत्या घरी. भंतेजींना सांगून झालं आहे. चाळीस छापली.

तुझं नाव वर आहे. खरवडलेल्या जागेत लिनोचा नवा तुकडा कापून बसवला. आधी काचेवर उलटं लिहून पाहिलं, बाबा करायचे तसं. तीनदा पुसलं. चौथ्यांदा जे जमलं तेच कोरलं. 'नी'ची वेलांटी वाकडी आहे आणि शिरोरेषा मध्ये अडखळली आहे. बाबांनी लिहिलेलं तुझं नाव मी तुला परत देऊ शकत नाही. हे माझ्या हातचं आहे, सांभाळून घे.

आता आईची ती गोष्ट. खिचडीचे दोन घास खाल्ल्यावर ती म्हणाली, "माया मागं तू कारडं छापशीन. छापजो, तुया हातानंच छापजो. पण त्याच्यावर तुयं नाव नोको टाकू." तिच्या आवाजात काही नव्हतं. भाजीत मीठ कमी टाक म्हणावं, तसं म्हणाली आणि तोंड उघडून पुढच्या घासाची वाट पाहत राहिली.

खोलीत आम्ही दोघीच होतो. नाव ठेवलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. ठेवलंही, ताई. शुक्रवारी तिन्ही नावांसकट दहा कार्डं काढली आणि दोरीवर चिमट्यांनी टांगली. रोशनी, रत्नदीप, मेघा. चांगली दिसत होती. मी त्यांच्याखाली जेवायला बसले आणि ताट सरकवून उठले.

मग ती दहाही उतरवून चुलीत घातली, आणि पट्टी पुढ्यात घेऊन माझं नाव खरवडलं. बाबांचा 'मे' मोठा सुरेख होता, मात्रा जरा मागे झुकलेली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आता त्यांच्या हातचं फक्त रत्नदीपचं नाव उरलं आहे, आणि त्याला हे ठाऊक नाही.

तो काल कार्डं न्यायला आला. एक हातात घेऊन खालची पांढरी जागा पाहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडा हसला. म्हणाला, "छापणारीच आपलं नाव विसरली का व?" मी म्हटलं, हो, विसरले. त्याला तेवढं पुरलं. रूपरावकाकांनाही तो तेच सांगेल, आणि सगळे म्हणतील, बिचारीचं दुःखात भान राहिलं नाही. माझ्यावर लोक चटकन विश्वास ठेवतात, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. खरं तेवढं तुझ्याकडे असू दे.

रविवारी ये. तू लिहिलं होतंस, आईने बोलावलं तर येईन, तू बोलावलेलं नको. आईनं बोलावलं होतं. आणि कार्ड नीट पाहा, त्यात मी कुठेच नाही.